प्रथिन न बनवणारा आरएनए आणि परळचा एक प्रश्न

डोंबिवली, कल्याण, ठाण्याहून धिमी लोकल धरून परळला उतरणाऱ्या गर्दीत रोज काही जण हातात तपासण्यांची जाड फाइल घेऊन असतात. ते कुठे निघाले आहेत, हे विचारावे लागत नाही. १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय तिथून जवळच आहे. या रुग्णालयाशी जोडलेल्या एका प्रश्नाची ही हकिगत आहे. तो प्रश्न असा : स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया मासिक चक्राच्या कोणत्या दिवशी केली, याने रुग्णाच्या आयुष्यात फरक पडतो का?

१९९१ मध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील जुन्या नोंदी तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. पाळी अजून थांबलेली नाही, अशा २४९ स्त्रियांच्या त्या नोंदी होत्या. पाळीनंतर ३ ते १२ दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ५४ टक्के दहा वर्षांनंतर हयात होत्या. इतर दिवशी झालेल्यांत हे प्रमाण ८४ टक्के होते. चक्राच्या पूर्वार्धात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा प्रभाव असतो आणि त्याला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन फारसे नसते. फरकाचे कारण इथे असेल काय? दुसऱ्या ठिकाणच्या नोंदींतून मात्र सगळीकडे असेच चित्र दिसले नाही. जुन्या नोंदी प्रश्न सुचवतात, निकाल देत नाहीत. निकालासाठी प्रयोग लागतो.

परतल्यावर बडवे (पुढे ते टाटा स्मारक केंद्राचे संचालक झाले) यांनी तो प्रयोग मुंबईत केला. १,००० रुग्ण स्त्रियांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट पाडले. एका गटाला शस्त्रक्रियेआधी ५ ते १४ दिवस प्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन दिले, दुसऱ्या गटाला दिले नाही. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता ठोस फरक आढळला नाही. परंतु ज्या ४७१ जणींच्या काखेतील गाठींपर्यंत रोग पोचला होता, त्यांच्यात पाच वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण इंजेक्शन घेतलेल्यांत ६५.३ टक्के, तर न घेतलेल्यांत ५४.७ टक्के होते. एका उपगटात दिसलेला फरक पुन्हा स्वतंत्रपणे पडताळावा लागतो, हे खरे. तरीही एका स्वस्त इंजेक्शनाने असे घडत असेल, तर ते घडते कसे?

उत्तराकडे जाण्यापूर्वी थोडे फळ्याकडे वळू. डीएनए, तिथून आरएनए, तिथून प्रथिन, असे दोन बाण आपण काढतो. संदेशवाहक आरएनएचा शोध १९६१ मध्ये लागला, आणि आरएनए म्हणजे मुख्यतः प्रथिनाच्या कामातला सेवक, असे बरीच वर्षे मानले गेले. मानवी डीएनएचा जेमतेम दीड-दोन टक्के भागच प्रथिनांची कृती सांगतो. उरलेल्यातील बऱ्याचशा भागाला १९७२ मध्ये सुसुमु ओहनो यांनी ‘अडगळ’ म्हटले. मग १९९०-९१ च्या सुमारास एच-१९ आणि एक्सिस्ट हे दोन लांबलचक आरएनए सापडले. त्यांच्यापासून कोणतेच प्रथिन बनत नव्हते. एक्सिस्ट तर स्त्रीच्या पेशीतील दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकाला गप्प करतो. सर्वसाधारणपणे २०० हून अधिक अक्षरांच्या अशा रेणूंना ‘लांब असांकेतिक आरएनए’ म्हणतात. त्यांतले अनेक ठराविक ऊतीतच आढळतात, म्हणून रोगाची खूण म्हणून ते उपयोगी पडतात. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात वाढणारा पीसीए-३ हा १९९९ मध्ये वर्णिलेला आरएनए लघवीत मोजण्याच्या चाचणीला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली.

आता परत आपल्या प्रश्नाकडे. ठाण्याला गाडी बदलून पनवेलची लोकल धरली की खारघर येते. टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संशोधन संस्था तिथे आहे. तिथल्या डॉ. अमित दत्त यांच्या गटाने ३० स्तन-गाठींमधील आरएनएची तुलना केली. त्यांपैकी १० गाठींना प्रोजेस्टेरॉन मिळाले होते, २० गाठींना नाही. २०२२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले, की प्रोजेस्टेरॉन मिळाल्यावर डीएसकॅम-एएस-१ नावाचा लांब आरएनए लक्षणीय घटतो.

हा रेणू करतो काय? वर्गातला एखादा व्रात्य मुलगा मॉनिटरलाच गप्पांत गुंतवून ठेवतो आणि मग वर्गात गोंगाट वाढतो, तसे हे आहे. इथला मॉनिटर म्हणजे मिर-१३०ए हा छोटा आरएनए. इस्ट्रोजेनचा संदेश झेलणाऱ्या ग्राहक-प्रथिनाच्या निर्मितीला तो आवर घालतो. डीएसकॅम-एएस-१ त्यालाच धरून ठेवतो. प्रोजेस्टेरॉनमुळे हा व्रात्य मुलगा बाजूला झाला, की मॉनिटर मोकळा होतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत हा लांब आरएनए कमी केला, तेव्हा प्रोजेस्टेरॉन दिल्याप्रमाणेच पेशींचे स्थलांतर व घुसखोरी मंदावली. तो वाढवल्यावर उलटे झाले.

म्हणजे हाच रेणू औषधाचे लक्ष्य होऊ शकेल? शक्यता आहे. पूरक अक्षरांचा छोटा धागा चिकटवून आरएनए निकामी करता येतो. परंतु काचेच्या बशीतील पेशी म्हणजे रुग्ण नव्हे. लांब आरएनएवर नेम धरणारे कर्करोगाचे एकही औषध आज नेहमीच्या वापरात नाही.

१९९१ ची नोंद, २०११ ची चाचणी, २०२२ चा रेणू : या तीन पायऱ्या चढायला एकतीस वर्षे लागली, आणि मधली पायरी हजार स्त्रियांच्या संमतीवाचून बांधताच आली नसती. पुढच्या वेळी फळ्यावर ते दोन बाण काढताना आरएनएपासून एक तिसरा बाणही काढावा, प्रथिनाकडे न जाणारा. आणि विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : ५४ आणि ८४ इतका मोठा फरक दिसत असतानाही बडवे यांना चाचणी करावीशी का वाटली असेल?