चौकोनी नळीचा बाक आणि ट्रेलरचा सांगाडा

मोटारीमागे ओढायचा ट्रेलर घरच्या घरी बांधण्याची हौस अमेरिकेत १९३०च्या दशकापासून रुजली. थेंबाच्या आकाराचे 'टिअरड्रॉप' ट्रेलर हे त्या हौसेचेच अपत्य. आपल्याकडील ट्रॅक्टरची ट्रॉली प्रामुख्याने जाड चॅनेलवर उभी असते. मात्र जनरेटर, छोटी होडी किंवा सहलीचे सामान वाहणारा हलका ट्रेलर करायचा झाल्यास चौकोनी पोलादी नळीचा, म्हणजेच बाजारातील 'स्क्वेअर पाइप'चा विचार प्रथम होतो. त्याला कारणही तसेच आहे. ५० मिलिमीटर रुंदीची व ३ मिलिमीटर जाडीची चौकोनी नळी तेवढ्याच व्यासाच्या गोल नळीपेक्षा वजनाला सुमारे सव्वापट भरते. वाकण्याला होणारा तिचा विरोध मात्र जवळपास पावणेदोन पट असतो. शिवाय सपाट बाजूंमुळे मापे घेणे, जोड बसविणे आणि वेल्डिंग करणे सोपे जाते.

हाच ताठपणा नळी वाकविताना आडवा येतो. कोणतीही नळी वाकविली की बाकाच्या बाहेरची भिंत ताणली जाते व आतली दबते. ५० मिलिमीटरच्या नळीला मध्यरेषेपाशी १५० मिलिमीटर त्रिज्येचा बाक दिल्यास बाहेरची भिंत सुमारे एक षष्ठांशाने लांबावी लागते आणि आतली तेवढीच आखडावी लागते. गोल नळीत हा ताण वर्तुळाकार भिंतीवर क्रमाक्रमाने वाटला जातो. चौकोनी नळीत मात्र अख्खी सपाट भिंतच सर्वांत दूरच्या रेषेवर असते. परिणामी बाहेरची भिंत आत ओढली जाते, आतल्या भिंतीला सुरकुत्या पडतात आणि बाजूच्या भिंती फुगतात. १६ गेजच्या, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीच्या नळीत हे फार लवकर घडते.

म्हणून खरी तयारी खरेदीपासून सुरू होते. बांधकामासाठीच्या पोकळ चौकोनी नळ्यांना आयएस ४९२३ हे भारतीय मानक लागू आहे. त्यातील वायएसटी २१०, २४० व ३१० या प्रतींचे आकडे पोलाद कायमचे वाकू लागण्याचा ताण मेगापास्कलमध्ये दर्शवितात. आकडा मोठा तशी नळी बळकट, पण वाकायला नाखूश. प्रतीचा शिक्का नसलेली नळी असल्यास आधी टाकाऊ तुकडा वाकवून पाहावा. नळीच्या लांबीभर जाणारी वेल्डची शिवण बाकाच्या आत वा बाहेर येऊ न देता बाजूच्या भिंतीवर ठेवावी. तेथे ताण सर्वांत कमी असतो.

ताडपत्रीच्या कमानींसारखे मोठ्या त्रिज्येचे बाक तीन रोलरच्या यंत्रावर चांगले निघतात. नळी हळूहळू, अनेक फेऱ्यांत दाबावी आणि दाब काढल्यावर ती काही अंश मागे सरकते हे गृहीत धरून थोडी जास्त वाकवावी. नळकाम करणाऱ्यांकडील गोल खोबणीचा डाय येथे निरुपयोगी ठरतो, तो चौकोनाचे कोपरे चेंगरतो. चौकोनी नळीच्या खास डायमध्ये मधोमध एक उंचवटा असतो. तो आतली भिंत मुद्दाम आत दाबतो, त्यामुळे सुरकुत्या पडत नाहीत व बाजू फुगत नाहीत.

वाळू भरून तापविण्याची पद्धत जुनी आहे आणि ती धोक्याचीही आहे. वाळू पूर्ण कोरडी हवी. दोन्ही टोके बंद केलेल्या नळीत ओल राहिल्यास वाफेच्या दाबाने बूच उडते वा नळी फुटते. पोलाद लालबुंद असतानाच वाकवावे. निळसर झाक येण्याच्या तापमानाला, सुमारे ३०० अंश सेल्सियसला, ते ठिसूळ वागते. जस्ताचा मुलामा असलेली नळी तर तापवूच नये. जस्ताच्या धुराने काही तासांत हुडहुडी भरून ताप येतो. याखेरीज, थंड अवस्थेत घडविलेल्या नळीला त्या घडणीतून मिळालेले बळ तापविल्याने काही अंशी जाते, हेही ध्यानात घ्यावे.

यंत्र नसलेला कारागीर ग्राइंडरने व्ही आकाराची खाच काढतो. आतली व बाजूच्या दोन भिंती कापून, बाहेरची शाबूत ठेवून नळी मिटायची आणि सांधा वेल्ड करायचा. खाचेचे तोंड नळीच्या रुंदीची दुप्पट गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन्जंट एवढे येते. ५० मिलिमीटरच्या नळीत ४५ अंशांसाठी हा हिशेब ४१ मिलिमीटर देतो. शाबूत भिंतीची जाडी धरता प्रत्यक्षात ३९ च्या आसपास पुरते. कापताना थोडे कमी कापून कानशीने जुळविणे शहाणपणाचे.

मालाच्या चौकटीचे कोपरे असे केल्यास हरकत नसावी. ट्रेलरला वाहनाशी जोडणाऱ्या पुढच्या दांड्यात मात्र बाक नकोच, असे स्पष्टपणे म्हणावे लागेल. हुकावर ट्रेलरचे वजन टेकलेले असते, म्हणजे हुक दांड्याचे टोक वर रेटतो. त्यामुळे दांड्याची खालची भिंत सतत ताणाखाली असते आणि प्रत्येक खड्ड्यागणिक तो ताण कमीजास्त होतो. या भिंतीवर आडवा वेल्ड किंवा सुरकुती असली की धातूच्या थकव्याची भेग तेथूनच सुरू होते. त्यापेक्षा दोन सरळ नळ्या हुकापाशी एकत्र आणून इंग्रजी ए अक्षराप्रमाणे पसरवाव्यात, पहिल्या आडव्या नळीखालून मागे नेऊन दुसऱ्या आडव्या नळीलाही जोडाव्यात. वेल्ड शक्यतो बाजूच्या भिंतींवर आणि दांड्याच्या लांबीच्या दिशेने घ्यावेत. यात नळी थोडी जास्त लागते, पण धावत्या वाहनामागून सुटलेला ट्रेलर कोणाच्या अंगावर जाईल हे सांगता येत नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही हा खेळ नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलर हे वाहनच आहे आणि नोंदणीशिवाय ते सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. नळी कापण्यापूर्वीच आरटीओ कार्यालयात चौकशी करणे इष्ट.

सांगाडा तयार झाल्यावर बंद नळ्यांच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी लहान भोके ठेवावीत. मात्र ती बाकापाशी किंवा दांड्याच्या खालच्या भिंतीवर नसावीत. भार घेऊन पहिल्या काही फेऱ्या झाल्या की बाक व वेल्ड पुसून उजेडात तपासावेत. रंगावर केसाएवढी गंजाची रेघ दिसली, तर त्याखाली भेग आहे असे समजून ट्रेलर उभा करावा.