घोडे, गोल्फ आणि टेपरेकॉर्डर

‘तुझ्या क्षेत्राच्या इतिहासावर लिही, पण सगळ्यांना कळेल असं लिही,’ असा संपादक मंडळाचा निरोप आला. सॉफ्टवेअरचा इतिहास म्हटला की निम्मा वर्ग डुलक्या घेणार हे मला ठाऊक आहे. म्हणून आपल्या सगळ्यांच्या घरी असलेली एक वस्तू निवडली: टेपरेकॉर्डर. कॅसेटमध्ये पेन्सिल घालून टेप गुंडाळण्याची कला आपल्या पिढीबरोबरच संपणार आहे. टेपचा शोध जर्मनीतला, पण ती जगभर पोहोचली त्यामागे एका अमेरिकन गायकाचा हट्ट होता. आणि त्या हट्टामागे होते त्याचे घोडे, त्याचा गोल्फ आणि त्याचे घर.

गायकाचे नाव बिंग क्रॉस्बी. जन्म ३ मे १९०३. सात भावंडांतला चौथा. स्पोकेन नावाच्या गावात वाढला आणि जेझुइट पाद्र्यांच्या गोन्झागा या संस्थेत शिकला. तिथेच कायद्याचा अभ्यास सुरू केला, पण पदवी न घेताच १९२५ मध्ये एका मित्राबरोबर जुन्या फोर्ड गाडीतून लॉस एंजेलिस गाठले. पुढे १९५७ मध्ये याच गोन्झागात त्याच्या देणगीतून मोठे ग्रंथालय उभे राहिले. (आपल्या निधी समितीने नोंद घ्यावी!)

आपल्याकडे सैगल गात होते त्याच काळात हा तिकडे गात होता. आधीचे गायक शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचावा म्हणून जोर लावून गात. क्रॉस्बी मायक्रोफोनजवळ उभा राहून, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावे तसा गायचा. त्याने १९४२ मध्ये गायलेल्या ‘व्हाइट ख्रिसमस’च्या सुमारे ५ कोटी प्रती खपल्या असे मानले जाते. ‘गोइंग माय वे’ चित्रपटातल्या प्रेमळ पाद्र्याच्या भूमिकेसाठी त्याला ऑस्करही मिळाले.

पण त्याचा जीव रमायचा मैदानावर. कॅलिफोर्नियातल्या डेल मार रेसकोर्सच्या संस्थापकांपैकी तो एक. ३ जुलै १९३७ ला रेसकोर्स उघडला तेव्हा प्रेक्षकांच्या स्वागताला तो स्वतः दारात उभा होता. पुढच्याच वर्षी तिथे एक गाजलेली शर्यत झाली. तिच्यात दोनच घोडे होते: क्रॉस्बीच्या भागीदारीतला लिगारोटी आणि ‘सीबिस्किट’ या चित्रपटामुळे आपल्यापैकी काहींना माहीत असलेला सीबिस्किट. लिगारोटी फक्त नाकाच्या अंतराने हरला. क्रॉस्बीचे घोडे हरतात हा तेव्हा रेडिओवरचा नेहमीचा विनोद होता. पण १९६५ मध्ये त्याच्या भागीदारीतल्या मेडो कोर्टने आयरिश डर्बी जिंकली आणि या गृहस्थाने तिथेच, मैदानावर, एक आयरिश गाणे म्हटले.

गोल्फमध्ये तर तो व्यावसायिकांच्या जवळपास पोहोचला होता. १९५० मध्ये सेंट अँड्र्यूजला भरलेल्या ब्रिटिश हौशी अजिंक्यपद स्पर्धेत तो खेळला. व्यावसायिक खेळाडू आणि हौशी मंडळींनी जोडीने खेळायची स्पर्धा त्याने १९३७ मध्ये सुरू केली. ती पुढे पेबल बीचला गेली आणि बदललेल्या नावाने आजही तिथे भरते.

आता टेपकडे येऊ. त्या काळी मोठ्या रेडिओ कंपन्या कार्यक्रम थेट प्रक्षेपित करत. अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या वेळेत तीन तासांचा फरक, त्यामुळे कलाकारांना अनेकदा तोच कार्यक्रम एका रात्रीत दोनदा करावा लागे. क्रॉस्बीला याचा कंटाळा होता. चार कार्यक्रम आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवले तर सकाळ गोल्फला, दुपार घोड्यांना आणि संध्याकाळ घरी देता येईल, असा त्याचा सरळ हिशेब. त्याच्या रेडिओ कंपनीने नकार दिला, तेव्हा १९४६ मध्ये तो दुसऱ्या कंपनीकडे गेला. तिथे तबकड्यांवर ध्वनिमुद्रण सुरू झाले, पण एका तबकडीवरून दुसरीवर घेताना आवाज खराब व्हायचा आणि श्रोते कमी होऊ लागले.

याच सुमारास जॅक मलिन नावाचा अभियंता त्याला भेटला. युद्धाच्या शेवटी अमेरिकन सैन्यात असताना मलिनला जर्मनीतल्या एका रेडिओ केंद्रात ‘मॅग्नेटोफोन’ ही टेपवर आवाज मुद्रित करणारी यंत्रे सापडली होती. त्याने दोन यंत्रे सुटी करून टपालाने घरी पाठवली, सोबत टेपची ५० रिळे. त्यांवर मुद्रित केलेला क्रॉस्बीचा पहिला कार्यक्रम १ ऑक्टोबर १९४७ ला प्रसारित झाला. थेट गाणे आणि टेप यांतला फरक ओळखू येत नव्हता. अँपेक्स ही छोटी कंपनी तशी यंत्रे बनवायच्या प्रयत्नात होती. तिला क्रॉस्बीने ५०,००० डॉलर पाठवले आणि १९४८ मध्ये तिची पहिली यंत्रे बाजारात आली. काही वर्षांतच चुंबकीय टेप संगणकातही आली. आज तुमचे फोटो आणि बँकेचे हिशेब जिथे साठवले जातात, तशा अनेक ठिकाणी जुन्या माहितीच्या प्रती अजूनही टेपवर ठेवतात.

टेपने आणखी एक गोष्ट शक्य केली: कापणे आणि जोडणे. चुकलेली ओळ काढून टाकायची, दुसऱ्या दिवशी चांगली आलेली तिथे चिकटवायची. एका कार्यक्रमात प्रेक्षक पोट धरून हसले होते. तो विनोद वापरता आला नाही, पण मलिनने ते हसू जपून ठेवले आणि पुढच्या एका फिक्या विनोदामागे जोडून दिले.

हे वाचताना मला क्रॉस्बीच्या घराची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. पहिली पत्नी डिक्सी ली, तिच्यापासून चार मुलगे: गॅरी, जुळे डेनिस आणि फिलिप, आणि लिंडसे. १९५२ मध्ये डिक्सी कर्करोगाने गेली. १९५७ मध्ये त्याने कॅथरिन ग्रँटशी लग्न केले आणि आणखी तीन मुले झाली. दूरदर्शनवरच्या त्याच्या नाताळच्या कार्यक्रमात हे सगळे कुटुंब शेजारी उभे राहून गायचे. १४ ऑक्टोबर १९७७ ला माद्रिदजवळ गोल्फच्या अठरा खळ्या पूर्ण करून परतताना तो कोसळला आणि गेला. महिनाभर आधी लंडनमध्ये मुद्रित झालेला नाताळचा कार्यक्रम त्यानंतर प्रसारित झाला. त्यात कॅथरिन आणि तिन्ही मुलांबरोबर तो गातो आहे. गाणारा, घोड्यांचा आणि गोल्फचा शौकीन, कुटुंबवत्सल माणूस: लोकांच्या मनात हे चित्र पक्के होते.

सहा वर्षांनी थोरल्या गॅरीचे पुस्तक आले. त्यात पट्ट्याने खाल्लेला मार होता, सतत पाणउतारा होता. फिलिपने ते साफ नाकारले आणि वडिलांची बाजू घेतली. पुढे लिंडसे आणि डेनिस या दोघांनी आत्महत्या केली. त्याचा दोष एका माणसावर टाकणे न्यायाचे नाही, पण त्या घरात दुःख होते हे नाकारताही येत नाही. उलट धाकट्या तिघांना वेगळा बाप मिळाला होता: वयाने मोठा, निवांत, वेळ देणारा. त्यांच्यातला नॅथॅनिएल वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १९८१ मध्ये, अमेरिकेची हौशी गोल्फ स्पर्धा जिंकला. ते पाहायला वडील नव्हते.

मग क्रॉस्बी कुटुंबवत्सल होता की नव्हता? मला वाटते, हे ठरवायला सातही जणांचे ऐकावे लागेल. एकाचे खरे म्हणून दुसऱ्याचे पुसायचे कारण नाही. बाप एकच असला तरी प्रत्येक मूल त्याच्या वेगळ्या वयाला, वेगळ्या दिवसांना सामोरे जाते.

मित्रमैत्रिणींनो, ही स्मरणिकाही कापणे आणि जोडणे यांतूनच तयार होते. आपल्या सर आणि बाईंबद्दल इथे भरभरून लिहिले जाईल, आणि ते खरेच असेल. पण ज्या सरांनी मला गणिताची गोडी लावली, त्यांच्याच तासाला मागच्या बाकावरची कुणी रोज घाबरून बसत असेल, तर तिचीही आठवण तितकीच खरी आहे. आदर असलेल्या माणसाविषयी पूर्ण बोलल्याने आदर कमी होत नाही. सर, बाई, तुम्हीही हे वाचाल. तुमच्या बाजूने आम्ही कसे दिसत होतो तेही एकदा सांगा. आमच्या पेशात काम झालेली प्रत कितीही नीटनेटकी असली तरी मूळ नोंद कधी पुसत नाहीत, कारण पुढे काही बिघडले तर उत्तर तिथेच सापडते. मेळाव्याच्या रात्री गप्पा रंगतील तेव्हा छापून न आलेल्या आठवणीही निघू देत. जिला आजवर बोलायला जमले नाही, तिला आधी बोलू द्या, आणि बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐका.