तांबडे व पांढरे स्नायू

तांबडे व पांढरे स्नायू हे पृष्ठवंशी प्राण्यांच्या ऐच्छिक स्नायूंचे, रंग व कार्य यांवरून ओळखले जाणारे दोन ढोबळ प्रकार होत. तांबडे स्नायू मंद गतीने, परंतु दीर्घकाळ न थकता काम करतात. पांढरे स्नायू झटक्यासरशी जोर लावतात, मात्र लवकर थकतात.

रंगाचे कारण

स्नायूचा तांबडेपणा मुख्यतः रक्तामुळे येतो, हा समज चुकीचा आहे. तो मायोग्लोबिन या लोहयुक्त प्रथिनामुळे येतो. रक्तातील हीमोग्लोबिनने आणलेला ऑक्सिजन मायोग्लोबिन स्नायुपेशीत धरून ठेवते व गरजेप्रमाणे सोडते. कच्च्या मांसातून पाझरणारे तांबूस पाणीदेखील रक्त नसून मायोग्लोबिन मिसळलेले पाणी असते. मांस शिजवले असता या प्रथिनात रासायनिक बदल होऊन ते तपकिरी दिसू लागते. रावस किंवा सुरमई यांच्या मांसाहून वेगळा असा सामन माशाचा नारिंगी रंग मात्र मायोग्लोबिनचा नव्हे. तो अन्नातून मिळणाऱ्या अस्टाझँथिन या रंगद्रव्याचा असतो.

ऊर्जानिर्मिती व कार्य

तांबड्या तंतूंत मायोग्लोबिनबरोबरच तंतुकणिका विपुल असतात व त्यांच्याभोवती केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. ऑक्सिजनच्या साहाय्याने मेद व शर्करा यांचे ज्वलन करून ते सातत्याने ऊर्जा मिळवतात. पांढऱ्या तंतूंत ग्लायकोजेनचा साठा मोठा असतो. ऑक्सिजनची वाट न पाहता त्याचे विघटन केल्याने ऊर्जा तत्काळ मिळते, पण ती फार काळ पुरत नाही.

रंग व वेग यांची सांगड सर्वत्र सारखी नसते. काही तंतू तांबूस असूनही जलद आकुंचन पावतात. त्यांना मध्यम प्रकारात गणले जाते.

प्राण्यांतील उदाहरणे

कोंबडी दिवसभर चालते, पण क्वचितच व थोडेसेच उडते. म्हणून तिच्या तंगडीचे मांस गडद, तर छातीचे फिकट असते. दूरवर उडणाऱ्या कबुतराच्या छातीचे स्नायू मात्र गडद तांबडे असतात. बांगडा आडवा कापला असता दोन्ही बाजूंना त्वचेलगत गडद पट्टा दिसतो. संथपणे सतत पोहण्यासाठी मासा हा पट्टा वापरतो, तर शत्रूपासून निसटताना उरलेला फिकट भाग कामी येतो. श्वास रोखून खोल बुडी मारणारे देवमासे व सील यांच्या स्नायूंत मायोग्लोबिन इतके असते की त्यांचे मांस काळपट दिसते.

मानवी शरीर

मानवाच्या बहुतेक स्नायूंत दोन्ही प्रकारचे तंतू मिसळलेले असतात. फक्त प्रमाण बदलते. उभे राहताना तोल सांभाळणाऱ्या पोटरीतील सोलियस स्नायूत मंद तंतूंचे प्राबल्य असते. धावणे, पोहणे यांसारख्या दीर्घ सरावाने तंतुकणिका व केशवाहिन्या वाढतात आणि स्नायूची चिकाटी वाढते.

संशोधन

फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-आंत्वान रांव्हिए यांनी १८७३ मध्ये तांबडे स्नायू पांढऱ्या स्नायूंपेक्षा सावकाश आकुंचन पावतात, हे दाखवले. १९६० मध्ये बुलर व एकल्स पिता-कन्या यांनी मांजराच्या जलद व मंद स्नायूंच्या चेतातंतूंची अदलाबदल केली. तेव्हा मंद स्नायू जलद आणि जलद स्नायू मंद होऊ लागला. स्नायूचा स्वभाव त्याला मिळणाऱ्या चेतासंदेशांवरही अवलंबून असतो, हे यावरून स्पष्ट झाले. स्पर्म व्हेल या देवमाशाच्या मायोग्लोबिनची त्रिमितीय रचना जॉन केंड्र्यू यांनी उलगडली. अशी रचना उलगडलेले हे पहिलेच प्रथिन होय. या कार्यासाठी त्यांना १९६२ मध्ये मॅक्स पेरुट्झ यांच्यासमवेत रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वैद्यकीय महत्त्व

निरोगी स्नायूत उपकारक असणारे मायोग्लोबिन रक्तात उतरल्यास घातक ठरते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवरील बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली सापडलेले काही जण सुटकेनंतर मूत्रपिंडे निकामी होऊन दगावत. एरिक बायवॉटर्स व डेस्मंड बील यांनी १९४१ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले. चिरडलेल्या स्नायूंतून सुटलेले मायोग्लोबिन मूत्रपिंडांना इजा करते. भूकंप, इमारत कोसळणे किंवा कडक उन्हातील अतिश्रम यांनंतरही ही अवस्था उद्भवू शकते. स्नायूंची तीव्र वेदना आणि कोऱ्या चहासारखी गडद लघवी ही तिची लक्षणे होत. ती दिसताच रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात नेणे आवश्यक असते, कारण शिरेवाटे वेळीच द्रव दिल्यास मूत्रपिंडे वाचण्याची शक्यता वाढते.