वातारासेचा गाळ

टोकियोच्या उत्तरेस तोचिगी प्रांतांत आशिओ नांवाचें डोंगरी गांव आहे. तेथें तांब्याची खाण निघाली ती १६१० सालीं. शोगुनांच्या अमदानींत या तांब्याचीं नाणीं पडत. पुढें खाण ओसरली. १८७७ सालीं फुरुकावा इचिबेई या व्यापाऱ्यानें ती जवळजवळ निकामी समजली गेलेली खाण विकत घेतली, आणि दहा वर्षांच्या आंत नव्या शिरा सांपडून ती देशांत अग्रेसर ठरली. यंत्रें व शस्त्रें घेण्यासाठीं परदेशीं विकतां येईल असा माल जपानला हवा होता. रेशमाप्रमाणें तांबेंही अशा मालांपैकीं होतें. आशिओच्या धुराड्यांकडे राज्यकर्त्यांनीं कौतुकानें पाहावें हें साहजिकच होतें.

या डोंगरांतूनच वातारासे नदी उतरते आणि कांतोच्या सपाटीवर तोने नदीला मिळते. तिच्या पुराचें कांठच्या शेतकऱ्यांना फारसें भय नव्हतें. पूर येई, घरांत पाणी शिरे, एखादें पीक बुडे; परंतु ओसरतांना रानांतल्या कुजलेल्या पानांचा गाळ तो शेतांत ठेवून जाई, आणि त्या गाळावर पुढचें पीक जोमानें येई. नुकसान करून त्याची भरपाईही करणारा असा तो पाहुणा होता.

खाणीनें हा हिशेब उलटा केला. भुयारांच्या टेकूंसाठीं व भट्ट्यांच्या कोळशासाठीं रान तुटलें. जें उरलें तें गंधकाच्या धुरानें वाळलें. उघड्या डोंगरांवर पाऊस थांबेना. खाणीबाहेर टाकलेला तांबेमिश्रित चुरा घेऊन तो खालीं धांवूं लागला. १८८५ च्या सुमारास नदींत मेलेले मासे दिसूं लागले. १८९० च्या ऑगस्टांत मोठा पूर आला. ओसरल्यावर नेहमींप्रमाणें गाळ उरला. पण त्याखालीं भात कुजलें आणि तुती सुकली. लोकांनीं ती माती टोकियोच्या कृषि-महाविद्यालयाकडे धाडली. कोझाई योशिनाओ या रसायनज्ञानें ती तपासून हानीचें कारण तांब्याचीं संयुगेंच दिसतात, असें लेखी कळविलें.

त्याच १८९० सालीं पहिल्या जपानी पार्लमेंटांत निवडून आलेल्या तानाका शोझो यांनीं १८९१ च्या डिसेंबरांत सरकारला जाब विचारला. उत्तर आलें : हानि खरी, परंतु तिचें कारण निश्चित झालेलें नाहीं. शेती व व्यापार खात्याचे मंत्री मुत्सु मुनेमित्सु यांचा दुसरा मुलगा फुरुकावाकडे दत्तक गेलेला होता. योगायोग म्हणावा, तर तो खाणवाल्यांस मोठा सोयीचा! १८९७ सालीं सरकारनें गाळ निवळण्याचीं तळीं बांधण्याचा हुकूम काढला; तरी शेतें सुधारलीं नाहींत. १९०० च्या फेब्रुवारींत टोकियोकडे निघालेल्या शेतकऱ्यांस पोलिसांनीं कावामाता येथें मारझोड करून पांगविलें. अखेर तानाकांनीं सभासदत्व सोडलें आणि १० डिसेंबर १९०१ रोजीं हातांत अर्ज घेऊन ते बादशहाच्या गाडीकडे धांवले. त्यांस वेडा ठरवून सोडून देण्यांत आलें. खटला भरला असता तर प्रकरण कोर्टांत उघडें पडलें असतें!

सरकारनें मग तोड काढली ती अशी कीं, सखल भागांतील यानाका गांवच उठवावें व तेथें पुराचें पाणी सांठवावें. रोग मातीचा, आणि उपाय मात्र पाण्यावर! १९०६ सालीं गांव कागदावरून पुसलें गेलें; पुढच्या वर्षीं उरलेलीं सोळा घरें पाडण्यांत आलीं. लोक झोंपड्या घालून तेथेंच राहिले. १९०४ पासून तानाका त्यांच्यांतच राहात होते. १९१३ सालीं ते वारले, तेव्हां त्यांच्या पिशवींत कांहीं लिखाण, बायबलचा नवा करार, राज्यघटनेची प्रत आणि थोडे गोटे निघाले.

माती मात्र तशीच राहिली. कांठचे शेतकरी पाटाच्या तोंडाशीं सांचलेला विषारी थर खरवडून बांधावर त्याचे ढीग घालीत. १९७१ सालीं गुन्मा प्रांतांतील याच कांठच्या तांदळांत कॅडमियम आढळलें. १९७३ सालीं खाण बंद झाली. १९७४ सालीं कंपनीनें शेतकऱ्यांना १५५ कोटी येन देण्याचें मान्य केलें. २०११ च्या मार्चांतील भूकंपांत आशिओजवळचा जुन्या चुऱ्याचा एक ढीग घसरून नदींत आला, आणि खालच्या पाण्यांत मर्यादेपेक्षां अधिक शिसें सांपडलें.