रंगदृष्टी, खोलीची जाणीव आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर

एखाद्या दृष्टिदोषाच्या नावात 'अंध' हे पद आले, की तो दोष प्रत्यक्षाहून मोठा भासू लागतो. 'रंगांधत्व' हा शब्द याचे उदाहरण होय. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांच्या पूर्वायुष्याचा विचार करताना या शब्दाची अपूर्णता विशेष जाणवते.

चित्रकार होण्याच्या इच्छेने लक्ष्मणराव १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद आपणांस ओळखता येत नाही, असे आढळल्यावर त्यांना रंगकाम सोडावे लागले. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत तोच विषय शिकवू लागले.

हा बदल समजण्यासाठी दृष्टीची अंगे वेगळी केली पाहिजेत. रंगभेद नेत्रपटलातील शंकुपेशींवर अवलंबून असतो. द्विनेत्री खोलीची जाणीव निराळ्या रीतीने होते. प्रत्येक डोळ्याचे सहा स्नायू दोन्ही नजरा एका बिंदूवर आणतात. डोळ्यांत सुमारे सहा सेंटिमीटर अंतर असल्याने दोन प्रतिमा किंचित भिन्न पडतात आणि त्या तफावतीवरून मेंदू वस्तूंचे मागेपुढे असणे ठरवितो. हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दाखविले. बेला ज्यूलेस यांनी १९६० मध्ये केवळ काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या जोडचित्रांतून खोलीचा प्रत्यय दिला. सारांश, रंगभेदातील उणिवेमुळे खोलीची जाणीव नाहीशी होत नाही. उलट, सर्व रंग अचूक ओळखणाऱ्या तिरळ्या बालकाची ही जाणीव, वेळीच उपचार न झाल्यास, कायमची दुबळी राहू शकते.

यांत्रिक रेखाटनाचे तत्त्वही याच्याशी जुळते. वरून दिसणारी आकृती आणि समोरून दिसणारी आकृती ताडून पाहिल्याखेरीज वस्तूचे घनरूप कागदावर निश्चित होत नाही. तेथे रंगाला स्थान नाही. दोन दर्शनांच्या मेळाला आहे.

१९१० मध्ये स्वतः चित्रकार असलेले औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलनजीक जागा दिली आणि तेथे लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला. हा भाग १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात आला. १९६० मध्ये त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले.

लक्ष्मणरावांना दृष्टीच्या एका अंगात उणीव होती. त्यांनी दुसऱ्या अंगावर आपले शिक्षण उभारले. म्हणून चरित्रकारांनी आणि परिभाषाकारांनी 'रंगांधत्व' या शब्दाऐवजी 'रंगभेद-न्यूनता' असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.