हवेची वाट : ओतकामाच्या इतिहासातील अदृश्य नळ्या

🧵 थ्रेड

१/
सोळाव्या शतकाचा मध्य. फ्लॉरेन्समध्ये शिल्पकार बेन्व्हेनुतो चेल्लिनी पर्सियसचा कांस्यपुतळा ओतण्याच्या तयारीत होता. पर्सियसच्या उंचावलेल्या हातात मेदुसाचे छिन्न मस्तक आहे. ते इतक्या उंचावर धातूत नीट उतरणार नाही, अशी शंका ड्यूक कोसिमो दे मेदिची याने काढली. चेल्लिनीचे उत्तर उलटेच होते : मस्तक उत्तम उतरेल, अडचण येईल ती उजव्या पायाची. साचा फोडला तेव्हा मस्तक निर्दोष निघाले. पायाची बोटे मात्र आलीच नव्हती.

२/
हा प्रसंग चेल्लिनीने स्वतःच आत्मचरित्रात सांगितला आहे आणि तो स्वतःचे कौतुक करण्यात कधी मागे राहणारा नव्हता. तरीही त्याच्या भाकितामागे ओतकामाचे एक खरे कोडे आहे. बंद साच्यात धातूचा रस शिरतो, तेव्हा आत आधीपासून असलेली हवा कोठे जाते? पुतळ्यांच्या इतिहासात राजे, शिल्पकार आणि धातू यांची चर्चा पुष्कळ होते. या हवेची फारशी होत नाही.

३/
कोड्याचे स्वरूप साधे आहे. साचा रिकामा दिसतो, पण तो हवेने भरलेला असतो. रस आत जायचा तर हवा बाहेर पडली पाहिजे. रस खाली साचतो आणि हवा वर सरकते. साच्यातील प्रत्येक उंच कोपरा, म्हणजे नाकाचा शेंडा, वर उचललेले बोट किंवा मुकुटाचे टोक, हवा अडकून बसण्याची जागा ठरतो. तेथून बाहेर जाणारी वाट नसेल तर त्या ठिकाणी धातूऐवजी पोकळी तयार होते.

४/
म्हणून ओतारी साच्याला दोन प्रकारची तोंडे ठेवतो. एक रस आत घेणारे, ते रुंद. दुसरी हवा सोडणारी, ती बारीक आणि प्रत्येक उंच टोकाशी. आज घरी सिलिकॉनच्या साच्यात रेझिनची छोटी मूर्ती ओतणाऱ्यालाही हेच करावे लागते. मूर्तीच्या नाकावर बुडबुड्याचा खड्डा पडला, की हवेची वाट चुकल्याचे लगेच कळते. रेझिन वाया गेले तर दुसरे ओतता येते. प्राचीन ओताऱ्याला मात्र ही मुभा क्वचितच होती.

५/
कारण मेण वितळवून केलेल्या ओतकामात संधी एकच असते. आधी मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, साचा तापवून मेण वाहून जाऊ द्यायचे आणि उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. मेणमूर्ती तेव्हाच नाहीशी झालेली असते. पुढे साचाही फोडावा लागतो. ओतणे फसले तर महिन्यांचे काम मातीमोल होते. शिवाय साच्यात ओल राहिली असेल, तर तिची वाफ होऊन रस उसळतो आणि ओताऱ्याच्या जिवावर बेततो.

६/
ग्रीकांनी मोठ्या पुतळ्यांपुरता एक शहाणा मार्ग शोधला : तुकडे करून ओतणे. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या आरंभीच्या एका प्याल्यावर ओतशाळेचे चित्र आहे. आज तो बर्लिनच्या संग्रहालयात आहे. त्यात पुतळ्याचे धड जोडणीसाठी आडवे ठेवलेले आणि मस्तक वेगळे पडलेले दिसते. तुकडा लहान असला, की रसाचा प्रवास छोटा होतो आणि हवेची वाटही सोपी होते. तरी खड्डे पडतच. ग्रीक कांस्यपुतळ्यांवर आजही दिसणारी लहान चौकोनी ठिगळे ही त्याची साक्ष आहेत.

७/
चीनमध्ये शांग राजवटीच्या ओताऱ्यांनी वेगळी युक्ती केली. पाय असलेली त्यांची ‘दिंग’ नावाची विधिपात्रे मातीच्या जोडसाच्यात ओतली जात आणि ती बहुधा उलटी धरून, पाय वर करून. पायांची टोके साच्यात सर्वांत वर आल्याने तेथेच ओतण्याचे तोंड आणि तेथेच हवेची वाट ठेवता येई. पात्र सुलटे उभे राहिले, की तोंडे कापल्याच्या खुणा पायांच्या तळाशी लपत. ज्या बाजूने पात्र जन्माला आले, ती बाजू पाहणाऱ्याला दिसतच नसे.

८/
भारतात या विद्येचे एक तपशीलवार वर्णन कल्याणीच्या चालुक्य दरबारातून आले आहे. राजा सोमेश्वर तिसरा (कारकीर्द ११२६–११३८) याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. या विश्वकोशात राजाच्या करमणुकीपासून पाककृतींपर्यंत सारे आहे आणि त्यातच मेणाच्या साहाय्याने धातूची मूर्ती ओतण्याचा विधीही आहे. या पद्धतीचे शास्त्रीय नाव ‘मधुच्छिष्टविधान’. मधुच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेले मेण.

९/
येथे नळ्यांचा थेट उल्लेख येतो. मेणमूर्ती तयार झाली, की तिच्या पाठीला, खांद्यांना आणि मानेला किंवा मुकुटाला लांब नळ्या जोडाव्यात. त्यांचा आकार धोत्र्याच्या फुलासारखा असावा. धोत्र्याचे फूल डोळ्यांसमोर आणले, की योजना उलगडते. देठाकडे निमुळते, तोंडाशी कर्ण्यासारखे पसरट. रस ओतायला रुंद तोंड, मूर्तीला चिकटायला अरुंद टोक. पाठ निवडण्यामागेही विचार आहे : नळी कापल्याचा व्रण समोरून दिसू नये.

१०/
त्यानंतर मातीचे लेप. मातीत जळक्या तुसाची पूड, बारीक कातरलेला कापूस आणि थोडे मीठ घालून ती दगडावर वाटायची. पहिला लेप पातळ, सावलीत वाळवलेला. दोन दिवसांनी दुसरा. मग तिसरा जाड. नळ्यांची तोंडे तेवढी उघडी ठेवायची. कापूस साच्यात भाजून निघाला, की त्याच्या जागी सूक्ष्म पोकळ्या उरतात. म्हणजे नळ्या ही हवेची मोठी वाट आणि खुद्द माती ही हजारो बारीक वाटांची चाळण. असा साचा श्वास घेतो.

११/
ग्रंथकार हिशेबही विसरत नाही. मेण आधी तोलून ठेवायचे आणि धातू त्याच्या ठरावीक पटीत घ्यायचा. तांब्यापितळेची पट एक, चांदीची त्याहून मोठी, सोन्याची सर्वांत मोठी. मेण पाण्याहून किंचित हलके असते आणि तांबे पाण्याच्या जवळपास नऊपट जड, हे ध्यानात घेतले की या पटींचे मर्म कळते. नळ्याही मेणाच्याच असतील तर त्यांना लागणारा धातूही याच तोलात येतो. रस अखंड धारेने ओतावा, मध्ये खंड पडू देऊ नये, असेही बजावले आहे.

१२/
तमिळनाडूत कुंभकोणमजवळच्या स्वामिमलै येथे स्थपती आजही याच परंपरेत मूर्ती ओततात. मेणमूर्तीच्या पाठीमागे मेणाच्याच कांड्या जोडायच्या, त्यावर कावेरीकाठच्या गाळाच्या मातीचे लेप द्यायचे, मेण काढून टाकलेला साचा जमिनीत पुरायचा आणि रस ओतायचा. हवेच्या तोंडांतून धातू वर डोकावला, की आत जागा उरली नाही असे समजायचे. डोळ्यांना न दिसणाऱ्या पोकळीची खबर देणारी ती एकमेव खिडकी असते.

१३/
आता इटलीत परत. चेल्लिनीच्या अर्धशतक आधी मिलानमध्ये लिओनार्दो दा व्हिन्ची सुमारे सात मीटर उंचीच्या कांस्य घोड्याच्या मागे लागला होता. घोडा एकसंध ओतायचा आणि तोही उलटा, पाय वर करून, हा त्याचा आधीचा बेत. रस आणि हवा यांच्या दृष्टीने तो सोयीचा होता. पण इतक्या उंच साच्यासाठी खड्डा तितकाच खोल हवा आणि मिलानमध्ये पाणी फार खोलवर नाही. तळाची ओल उकळत्या कांस्याला भिडणे म्हणजे अनर्थ.

१४/
२० डिसेंबर १४९३ च्या टिपणात त्याने निर्णय बदलला : घोडा आडवा ठेवून आणि शेपटीवाचून ओतायचा. प्रत्यक्षात तो कधीच ओतला गेला नाही. १४९४ मध्ये राखून ठेवलेले कांस्य तोफांसाठी गेले आणि १४९९ मध्ये मिलान घेणाऱ्या फ्रेंच सैन्यातील तिरंदाजांनी मातीच्या प्रतिकृतीवर बाण मारून तिची वाताहत केली. पूर्ण झालेला पुतळा नळ्या कापून उभा राहतो, म्हणून ओतारी कसा विचार करतो हे लपते. या न झालेल्या घोड्याच्या वह्यांत ते उघडे पडले आहे.

१५/
चेल्लिनीने साचा खड्ड्यात उतरवून भोवती माती भरली. मातीचा थर जसजसा चढत गेला, तसतशा त्याने हवेसाठी भाजक्या मातीच्या नळ्या बसवत नेल्या. सांडपाण्याच्या मोरीला वापरतात तशाच साध्या नळ्या. ओतण्याच्या वेळी संकटांची रांग लागली. छपराने पेट घेतला, चेल्लिनी तापाने अंथरुणावर पडला आणि भट्टीतला धातू गोठू लागला. त्याने उठून ओकची लाकडे घातली आणि शेवटी घरातली कथलाची सुमारे दोनशे ताटे-भांडी रसात टाकली. कथलामुळे कांस्य कमी उष्णतेतही वाहते राहते.

१६/
मग पायाचे काय? चेल्लिनीचे स्पष्टीकरण असे : अग्नीचा स्वभाव वर जाण्याचा, म्हणून वरचे मस्तक येणारच, पाय मात्र फार खोल, तेथवर रस बळाने ढकलावा लागणार. आजच्या भाषेत सांगायचे, तर लांबच्या अरुंद टोकाशी पोहोचेपर्यंत रस थंडावतो आणि तो घट्ट झाला, की उघडी वाटही कामी येत नाही. प्रत्यक्षात टाच आली, बोटे मात्र राहिली. ती नंतर बसवली गेली आणि १५५४ मध्ये पुतळ्याचे अनावरण झाले.

१७/
पुतळ्यातला बुडबुडा कुरूपता आणतो. तोफेतला माणसे मारतो. १५४० मध्ये व्हेनिसला छापलेल्या ‘पिरोतेक्निया’ या ग्रंथात व्हान्नोच्चो बिरिंगुच्चो तोफांच्या ओतकामाचा सविस्तर विचार करतो. तोफ उभी, तोंड वर करून ओतायची आणि तोंडाच्या पुढे जादा धातूचा ठोकळा ठेवायचा. निवताना धातू आकसतो. ती तूट या ठोकळ्यातून भरून निघते आणि वर चढलेली हवा व मळही त्यातच अडकतो. शेवटी तो कापून टाकायचा. जे टाकायचे, तेच तोफेला वाचवते.

१८/
याच काळात दख्खनही या विद्येत मागे नव्हते. १५४९ मध्ये अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) निजामशाहीसाठी महंमद बिन हसन रूमी याने ‘मलिक-ए-मैदान’ ओतली. लांबी साडेचार मीटरच्या आत-बाहेर, वजन अंदाजे ५५ टन. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे आणि पर्यटक तिच्या मुखावरील सिंहाचा जबडा न्याहाळतात. इतका रस साच्यात उतरत असताना तितक्याच आकारमानाची हवा बाहेर पडत होती, हे दृश्यही क्षणभर कल्पावे. तिला वाट मिळाली, म्हणून तोफ आहे.

१९/
या कलेचा सर्वांत भव्य देखावा पॅरिसमध्ये झाला. शिल्पकार जिरार्दों याने घडवलेला चौदाव्या लुईचा सुमारे सात मीटर उंचीचा अश्वारूढ पुतळा केलर या ओताऱ्याने १६९२ मध्ये एकाच ओतात उतरवला. मेणाच्या घोड्याभोवती नळ्यांचे अक्षरशः अरण्य उभारले होते : रस नेणाऱ्या, हवा सोडणाऱ्या आणि वितळलेले मेण वाहून नेणाऱ्या. माथ्यावर एक कुंड. त्यातली बुचे एकदम उचलायची, म्हणजे रस सर्व वाटांनी एकाच वेळी धावेल.

२०/
१७९२ मध्ये क्रांतिकाळात हा पुतळा फोडण्यात आला. त्याचा एक पाय तेवढा आज लूव्र संग्रहालयात आहे. पण १७४३ मध्ये बोफ्रां याने या ओतकामाची सचित्र हकीकत प्रसिद्ध केली होती. त्या कोरीव चित्रांत घोडा आणि राजा नळ्यांच्या जाळ्यात गुंतलेले दिसतात. काळाने येथे उलटा न्याय केला. जो पुतळा टिकण्यासाठी होता तो गेला आणि ज्या नळ्या कापून फेकण्यासाठी होत्या, त्यांचे चित्र उरले.

२१/
सिलिकॉनच्या साच्याने हे कोडे सोडवलेले नाही, उलट एका अर्थाने कठीण केले आहे. कापूस मिसळलेली माती श्वास घेत असे. सिलिकॉन घेत नाही. म्हणून त्यात प्रत्येक उंच टोकाशी बारीक वाट कोरावी लागते आणि शक्य तेथे रस खालून वर चढेल असे तोंड ठेवावे लागते, म्हणजे हवा पुढे ढकलली जाऊन माथ्यावरून निघते. धोत्र्याच्या फुलाची नळी आणि हा बारीक चीर यांत आठशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे, तत्त्वाचे नाही.

२२/
इतिहासाच्या अभ्यासकासाठी यात एक सवय शिकण्यासारखी आहे. संग्रहालयात धातूच्या मूर्तीसमोर उभे राहिल्यावर मुखावरचे भाव पाहून झाले, की पाठ पाहावी. खांद्यामागे घासून सपाट केलेली जागा, पायाखालचा गोल व्रण, एखादे चौकोनी ठिगळ. ओताऱ्याचे नाव बहुतेक वेळा कोठेच कोरलेले नसते. हवा कोठून निघून जाईल याचा त्याने केलेला विचार मात्र तेथे उमटलेला असतो.

(समाप्त)