सीमेपलीकडची वीज, तारेखालची जमीन

लोहारा तालुका बालाघाटच्या पठारावर, दोन खोऱ्यांच्या सांध्याजवळ वसला आहे. माकणीच्या धरणात अडणारे तेरणेचे पाणी मांजरेतून गोदावरीला मिळते. शेजारच्या उमरगा तालुक्यातल्या बेनीतुऱ्याचे पाणी भीमेतून कृष्णेला जाते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर सोलापूर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात. ‘शेजारचे राज्य’ म्हणजे काय, हे इथल्या माणसाला नकाशात पाहावे लागत नसे.

आज दक्षिण आशियात पाणी, ऊन आणि वारा यांपासून होणारी वीज देशांच्या सीमा ओलांडून विकण्याची धोरणे आकाराला येत आहेत. त्यांचा इतिहास बहुधा दिल्ली, थिंफू आणि काठमांडूपासून सांगितला जातो. मला तो जुन्या हैदराबादपासून सांगावासा वाटतो. सीमा पुसल्या गेल्यावर शेजाऱ्यांच्या करारातले काय उरते, याचे उत्तर तिथे सापडते.

तुंगभद्रेचा धडा

तुंगभद्रेवर धरण बांधण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातली. नदीचा एक काठ मद्रास इलाख्याचा, दुसरा हैदराबादचा, आणि वरच्या अंगाला म्हैसूर. त्यामुळे पाण्याचा हिशेब जुळायला कित्येक दशके गेली. अखेर १९४४ मध्ये मद्रास आणि हैदराबाद यांच्यात करार झाला आणि १९४५ मध्ये पायाभरणी झाली. धरण १९५३ मध्ये उभे राहिले, तेव्हा करार करणारे दोन्ही पक्ष जुन्या रूपात उरले नव्हते. इंग्रज गेले होते, निजामाची सत्ता संपली होती. त्याच वर्षी आंध्र राज्य वेगळे झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचेच तीन तुकडे झाले. धरणाचा परिसर म्हैसूरकडे राहिला, मराठवाडा मुंबई राज्यात आला.

तरीही पाणी आणि वीज यांची वाटणी मोडली नाही. १९५३ मध्ये नेमलेले तुंगभद्रा मंडळ आजही काम करते. यातून मी एक गोष्ट घेतो. वाटा, खर्च आणि देखभाल कुणाकडे, हे कागदावर स्पष्ट असेल तर करार राज्यकर्त्यांपेक्षा जास्त जगतो. मात्र ज्या संस्थानाने हा खर्च उचलला, त्याच्या तिजोरीत मराठवाड्याचा सारा जात होता. नवी सीमा आखली गेली तेव्हा लोहाऱ्यासारखे तालुके त्या हिशेबातून आपसूक बाहेर पडले.

दोन शेजारी, दोन वाटा

स्वतंत्र भारताने हीच गोष्ट देशांच्या पातळीवर केली. भूतानशी चुखा प्रकल्पाचा करार १९७४ मध्ये झाला. ३३६ मेगावॅटच्या या प्रकल्पासाठी भारताने ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज दिले. भूतानची गरज भागून उरलेली वीज भारताने घ्यायची ठरले. १९८६ ते १९८८ दरम्यान प्रकल्प सुरू झाला. पुढे १,०२० मेगावॅटचा ताला प्रकल्प झाला. २००६ मध्ये दोन्ही देशांनी व्यापक करार केला. तेव्हा केंद्रात ऊर्जामंत्री होते सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे.

नेपाळशी मात्र गाडे अडले. १२ फेब्रुवारी १९९६ रोजी महाकाली करार झाला. पंचेश्वर धरणाची वीज निम्मी-निम्मी वाटायची, हे त्यात लिहिलेले आहे. पण धरणामुळे खालच्या सिंचनाला होणाऱ्या फायद्याची किंमत किती धरायची आणि पाण्यावर कुणाचा किती हक्क, यावर एकमत झाले नाही. तीन दशके होत आली, धरण कागदावरच आहे. चुख्याला ग्राहक, कर्ज आणि विकण्याची रीत आधी ठरली होती. पंचेश्वरला वाटा ठरला, पण मोल ठरले नाही. शेतीचा बांध असो की देशाची सीमा, ‘अर्धे तुझे, अर्धे माझे’ म्हणून तंटा मिटत नाही. कशाचे अर्धे, हे आधी मोजावे लागते.

सोलापुरातून जुळलेली तार

करार होतात नद्यांवर, पण वीज धावते तारांवर. दक्षिण भारताचे वीजजाळे बरीच वर्षे उर्वरित देशाशी एका लयीत चालत नव्हते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसारख्या ठिकाणी वीज रूपांतरित करूनच दक्षिणेकडे पाठवली जाई. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि सारा देश एका वारंवारितेवर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बहरामपूर–भेडामारा जोडणीतून बांगलादेशला वीज जाऊ लागली. पूर्वी जिथे निजामाची आणि इंग्रजांची हद्द भिडत होती, त्याच पट्ट्यात आता देशाची दोन वीजजाळी जुळली.

नियमही मागोमाग आले. २०१४ मध्ये काठमांडूच्या सार्क परिषदेत वीज-सहकार्याचा करार झाला. भारताने सीमापार वीजव्यापाराची मार्गदर्शक तत्त्वे २०१६ मध्ये आणली आणि २०१८ मध्ये बदलली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांचा त्रिपक्षीय करार झाला आणि १५ नोव्हेंबरला नेपाळची ४० मेगावॅट जलवीज भारतीय तारांवरून बांगलादेशात पोचली. आकडा लहान आहे, पण तिसऱ्याच्या अंगणातून तार नेण्याचा पायंडा त्याने पाडला.

कागदावर नसलेला पक्ष

या साऱ्या कागदांत दर, मोजणी, परवानग्या तपशीलवार येतात. ज्यांच्या जमिनीवर मनोरा उभा राहतो त्यांचा विषय मात्र प्रत्येक देशाच्या अंतर्गत कायद्यावर सोडलेला असतो. तारा ओढण्यासाठी आपल्याकडे अजूनही १८८५ च्या तार कायद्यातल्या अधिकारांचा आधार घेतला जातो. त्यात जमीन संपादन करावी लागत नाही. मनोऱ्याखालच्या जमिनीला मूल्याच्या ८५ टक्के भरपाई द्यावी, असे केंद्राने २०१५ मध्ये सुचवले. २०२४ मध्ये ते प्रमाण २०० टक्के केले. धाराशिव जिल्ह्यात पवनचक्क्या आणि त्यांच्या वाहिन्या वाढत असताना मोबदल्यावरून तंटे झाले, ते याच उशिराचे फळ आहे.

हे अटळ नव्हते. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात सरदार सरोवराची वीज मध्य प्रदेश ५७, महाराष्ट्र २७ आणि गुजरात १६ टक्के अशी वाटली गेली. त्याच निवाड्यात बुडणाऱ्या कुटुंबांना जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचे कलमही होते. अंमलबजावणी रखडली, नंदुरबारच्या आदिवासींना वर्षानुवर्षे लढावे लागले. पण लढताना हाती दाखवायला कागद होता.

शेजारी देशांच्या ऊर्जाधोरणात हे एक कलम अजून येणे बाकी आहे. कोसी, महाकाली किंवा पद्मेकाठच्या शेतकऱ्याला, आणि तेरणेकाठच्यालाही, वीज कुठून कुठे चालली याचे फारसे वावडे नाही. आपल्या बांधावरून जाताना तिने आपले नाव कराराच्या कागदावर ठेवावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. तुंगभद्रेचा इतिहास सांगतो की सीमा बदलतात आणि कागद टिकतो. म्हणूनच कागद लिहिला जात असतानाच हे नाव त्यावर यायला हवे.